उन्हाची वाटणी

झिंगाबाई टाकळीत आमची गच्ची,
अठ्ठावीस बाय बावीस.
टाकी, जिना, डिशची मोडकी थाळी वजा करा;
उरलेलं ऊन
आजवर माझ्या एकटीच्या नावावर होतं.

हे रिटायर झाले आणि वर येऊ लागले.
हातात टेप, खिशात कोटेशनं:
एक वर्धा रोडचं, एक इतवारीतल्या ओळखीतलं,
आणि एक त्या पोराचं, जो म्हणाला,
"काका, सूर्य सोडा, जमिनीत जा.
सहा फूट खोल चर, त्यात पाइपाची वेटोळी,
खाली बारमाही गारवा. कूलर विकून टाका."
यांना ते फार आवडलं.
दोन रात्री वहीत वेटोळीच काढत बसले.
मी मागच्या अंगणात नेलं. मे चालू होता.
भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला.
म्हटलं, ही काळी माती.
हिनं कंपाउंडची भिंत दोनदा चावली,
तुमच्या पाइपाला सोडते काऊन?
हे काही बोलले नाहीत.
शेवटच्या पानावरचा आकडा वाचला
आणि वही मिटली.

मग उईके आली. हेमलता उईके, देवलापारची,
चोवीस-पंचवीसची, तोंडाला दुपट्टा, कमरेला ड्रिल.
मोबाइल आभाळाकडे धरून म्हणाली,
"सहा पॅनल. सावली नाही."
"डिसेंबरात आहे," मी म्हटलं.
"ॲप दाखवत नाही, काकू."
"ॲपनं कधी मूगवड्या घातल्या का?"
गेरूनं रेघ ओढून दिली.
हेडाऊंचा तिसरा मजला
चंपाषष्ठीच्या सुमारास तीन वाजता इथवर पोचतो,
संक्रांत झाली की हळूहळू मागे सरतो.
एकवीस वर्षं त्याच्यापुढे
मी ताटं सरकवत आलेय.
ती हसली नाही.
रेघेवर पाय ठेवून
हेडाऊंच्या कठड्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.
मग म्हणाली, "पाच."

पण रेघेच्या अलीकडे अजून एक कोपरा होता,
सावलीत न येणारा.
यांनी लगेच हिशोब मांडला:
सहावं इथे आडवं बसेल,
वर्षाला इतके युनिट, पंचवीस वर्षांत इतके रुपये,
तुझी कुरडई पडते किती किलोला?
मी म्हटलं, धरा.
तीन दिवस भिजलेला गहू धरा,
भिवापुरी मिरची धरा, गाद्या धरा,
आणि बारावीच्या निकालादिवशी
आपली वंदू जिथं पालथी पडून रडली
तेवढी फरशीही धरा.
हे बराच वेळ खोडरबर हातात घेऊन बसले.

पाच बसले.
मीटर बदलायला साडेतीन महिने गेले,
तेवढ्यात महावितरणच्या बाबूची मुलगी
बारशापासून रांगण्यापर्यंत आली,
फोटो यांच्या मोबाइलमध्ये आहेत.
पहिलं बिल एकशे बत्तीस रुपये.
गल्लीत घरोघर दाखवून आले, घडी मोडेपर्यंत.

नवतपात मात्र सत्तेचाळीस झालं
आणि आकडा खाली आला.
"बिघडलं बाप्पा," हे फोनवर.
"नाही काका," उईके म्हणाली,
"फार तापलं की पॅनलही दमतं."
हे ऐकून मला ती काच
पहिल्यांदा घरातली वाटली.
खाली कूलर घरघरत होता,
खस ओला, खिडकी अर्धी लावलेली,
ज्यानं जाळलं त्याच्याच पैशानं गारवा:
चोराला चौकीदार ठेवावा तसं.

आता पहाटे साडेपाचला बादली घेऊन हे वर जातात.
एकतीस वर्षं कोराडीत नोकरी,
बॉयलरखाली, राखेच्या खात्यात.
परवा काचेवरून बोट फिरवलं,
चिमटीत चोळलं, नाकाशी नेलं.
"आपलीच आहे," म्हणाले,
गावाकडचं कोणी भेटल्यासारखे.
मग माझ्या जुन्या सुती साडीचं फडकं पिळून
एकेक काच पुसत बसले, कोपऱ्यांसकट.

मी मागे वळले
आणि कुरडयांवरून बोट फिरवलं.