दोन मिनिटं, पाण्याखाली

बस, बिल्किस. ते स्टूल ओढ.
बाहेर बोर्डावर नुसतं ‘गारमेंट्स’ लिहिलंय,
वागळे इस्टेटच्या या गल्लीत
आभाळाचं काय काम, असं कुणालाही वाटेल.

हे पाच फुगे. दोन पोटऱ्यांचे, दोन मांड्यांचे,
हा मोठा पोटाचा.
लढाऊ विमान गचकन वळतं ना,
तेव्हा आत बसलेल्याचं सगळंच नऊपट होतं.
तुझं वजन किती? पंचेचाळीस?
मग चारशे पाच. खात्री नसेल तर फोनवर गुण.
रक्तही तेवढंच जड,
लोखंडाच्या रसासारखं पायांकडे धावतं
आणि वर, डोक्यात,
मे महिन्यातल्या नळासारखं
फुस्स.

तेव्हा हे फुगे भरतात, आवळतात त्याला.
चेंदणीला माझी आत्या बाळंतिणीचं पोट बांधायची,
लुगड्याच्या पट्टीने, गुडघा टेकवून.
तसं.
तोही नुसता बसत नाही म्हणे.
मांड्या दगड, पोट दगड, श्वास कोंडलेला,
तीन सेकंदांनी घोटभर हवा.
साहेबांनी करून दाखवलं एकदा, टोमॅटो झाले होते,
आम्ही ओढण्या तोंडात कोंबून हसलो.

कापडाला इंचात आठ टाके.
दहा घालशील तर पोस्टाचं तिकीट होईल,
ओळीने फाटेल.
आणि सुई फुग्यापासून बोटभर लांब.

चुकलं तर?
आधी रंग जातात.
मग कडा.
नळकांड्यातून बघितल्यासारखं जग,
मग काळं. डोळे सताड उघडे, बरं का,
आणि काळं.
पाच-सात सेकंदांचा खेळ.

माझा सात वर्षं चाललाय.
सिव्हिलच्या डॉक्टरने बाजूला बोट हलवलं,
दिसतंय का, म्हणाला.
मी म्हटलं, कुठलं बोट?
डोळ्यांत दाब वाढलाय, म्हणाला.
मला हसूच आलं.
एकवीस वर्षं मी दाबच तर मोजतेय.

गेल्या मंगळवारी माझ्याच पीसमधून
बुडबुडा आला. एकच. मोहरीएवढा.
सुई फुग्याला चाटून गेली होती,
डाव्या कडेला.
टाकीपाशी कुणी नव्हतं.
कोपऱ्यात माझीच अक्षरं, द. त.
कात्रीने उभा फाडला.
मग चहा घेतला, थंड झालेला.

म्हणून तू आहेस इथे.
नाहीतर राबोडीहून रोज दोन रिक्षा बदलून येणारी पोर
साहेबांनी ठेवली नसती.

चल, भर हवा.
काट्याकडे बघ, माझ्याकडे नको.
बुडव. सावकाश.
आता हात बाहेर काढ, पाणी शांत होऊ दे.
घड्याळ लाव.
बुडबुडा आला तर नाव कुणाचं आहे ते वाचायचं नाही,
कात्री तिथे खिळ्याला आहे.
मी मधलं बघते.
तू दोन्ही कडा.

अगं, श्वास तरी घे.