अर्धा पेला

रिझेच्या उतारावर, सातव्या महिन्यात,
नेझाहतनं चहा सोडला.
दिवसभर खुडते चहाच,
आणि कुणी पेला पुढे केला
तर म्हणते, पित्त होतं.

पित्त नाही. शिंक आहे.
खोकला, पायरी, उचललेलं पोतं,
आणि सेलामी दिराच्या नकला.
पूर्वी लोळायची हसून,
आता ओठ दाबून बाहेर जाते.
घरात म्हणतात, सून शिष्ट झाली.

काळा घागरा. रोज काळाच.
मशिदीमागचं एक, बसथांब्याजवळचं एक,
गाव तिच्यापुरतं एवढंच उरलंय.
बहिणीच्या लग्नात सगळ्यांनी होरोनचा फेर धरला,
ती कोटांची राखण करत बसली,
पाय मात्र खुर्चीखाली ताल धरून.

काल वरच्या वाफ्यात हावा म्हातारी
कात्री थांबवून एकदम म्हणाली,
"मला पाचही खेपांना झालं.
तिसऱ्या खेपेला तर इमामासमोर."

नेझाहत हसली.
व्हायचं ते झालंच.
हावानं आपली ओढणी सोडून दिली तिला,
कमरेला बांध म्हणाली,
आणि पुन्हा पानं कापू लागली.

संध्याकाळी नेझाहतनं पेला घेतला.
अर्धाच प्यायली.
नर्सबाईंना विचारायचं
गुरुवारवर ढकललं.