पाठीचं माप

सहा विटा, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
आणि पाण्याच्या पाच बाटल्या.
बाथरूमच्या काट्यावर आधी मी,
मग मी आणि सॅक, मग वजाबाकी:
साडेसतरा किलो.

वेताळ टेकडीवर, रोज पहाटे.
खाणीपाशी पोचेपर्यंत खांद्यांवर दोन लाल रेघा,
आणि मागून गाठणारे एक काका विचारतात,
"घर सोडलंत की काय?"
हसते. मान वळत नाही.

नाना पेठेत जालिंदर खुडे यांचं दुकान.
चेनी, बकलं, रेक्झिन, शाळेच्या उसवलेल्या दप्तरांचा ढीग.
म्हटलं, पट्टे बदला, जाड फोम घाला.
त्यांनी सॅककडे बघितलंच नाही.
"मान खाली घाला."
टेपचं टोक मानेच्या त्या उंचवट्यावर,
जिथे मणका कातडीला आतून टेकतो,
तिथून सरळ खाली
कमरेच्या दोन हाडांमधल्या रेषेपर्यंत.
"सव्वासोळा. सॅक शिवलीय एकोणीसला.
उंची कसली सांगता, ताई? ओझं पाठ बघतं."

आतल्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या काढून
गुडघ्यावर धरून वाकवल्या,
माझ्या पाठीला लावून पाहिल्या, परत वाकवल्या.
आपल्या कण्याला एवढा बाक आहे
हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.
मग शिवण उसवून खांद्यांचे पट्टे खाली आणले,
तीन बोटं.

"आता क्रम. आधी कमर.
पोटावर नाही, हाडावर.
हाड कुरकुर करत नाही, मांस करतं.
मग खांदे, नुसते टेकतील इतके.
मग हे कानाजवळचे बारके पट्टे, ओढा.
सॅक मागे लोंबत होती ना? आली पाठीशी.
छातीचा शेवटी. श्वास घ्या. येतोय?"

येत होता.
खांद्यांवरून काहीतरी उतरलं,
कमरेतून, मांड्यांतून थेट फरशीत गेलं.
विटा सहाच.

कुठे शिकलात, विचारलं.
दाताने दोरा तोडत म्हणाले,
वडील भुसार बाजारात होते. शंभर किलोचं पोतं.
मानेखाली, इथे, घट्टा होता, लिंबाएवढा.
अंघोळीला पाठ चोळायला मला हाक मारायचे.
"तेव्हापासून पाठी बघतो."
एवढंच. एकशे ऐंशी रुपये.
छातीच्या बकलाची शिट्टी तुटली होती,
ती दुसऱ्या कुठल्याशा सॅकची काढून
फुकट बसवली.

आज टेकडीवर
जाळी आणि पाठ यांच्या फटीतून वारा गेला.
कमरेचा पट्टा उजवीकडे अजून काचतो,
परत दाखवायला हवा.
मागून काका: "गेला नाहीत अजून?"
मान वळली. काही तरी बोलले मी.

थोडं पुढे गेल्यावर
हात आपोआप मानेमागे गेला,
टेपचं टोक ठेवलं होतं तिथे.
नुसता घाम.