बरणीवरच्या रेघा

सावद्याला, बंद पडलेल्या बर्फ कारखान्यात
लोटन झांबर वायकोळे, निवृत्त हवालदार,
यांनी स्कीइंगचं संग्रहालय काढलं
तेव्हा पाटी मी रंगवली.
'स्की' ऱ्हस्व की दीर्घ, विचारलं त्यांना.
म्हणाले, दीर्घच काढ भो,
उतार लांब असतो.

मे महिना. सेहेचाळीस.
डब्यातला रंग घटकेत साय धरायचा.
आत भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या,
मोजडीच्या चोचीसारख्या पुढून वळलेल्या,
बांबूच्या काठ्या, टोकाशी वेताचं कडं,
छातीवर बांधायचं फडकं, नंबर एकेचाळीस.
सत्त्याऐंशीची शर्यत: एकतीस गडी, हे तेविसावे.
मी तो आकडा जरा बारीक काढला.
त्यांनी पुसायला लावला,
आणि दुरून वाचता येईल एवढा
पुन्हा काढून घेतला.

एक पट्टी एकटीच उभी होती.
हिची जोडी?
बर्फात.
आणि माणूस?
त्यांनी नाव सांगितलं, स्टॅनझिन नुर्बू,
अक्षरं सुटी करून, दोनदा.
मी लिहीत असताना ते बाहेर जाऊन
नळ चालू करून उभे राहिले. नळाला पाणी नव्हतं.

मधल्या टेबलावर लोणच्याची बरणी.
चिठ्ठी माझ्याच हातची:
'बर्फ, गुलमर्ग, फेब्रुवारी १९८८'.
आत पाणी.
थर्मासात भरून आणलेला तो बर्फ
पठाणकोटला खडखडत होता,
झांशीला डुबुक वाजला,
भुसावळच्या फलाटावर नुसता हलला.
चिठ्ठी बदलू का, मी म्हणालो.
काहून? सुट्टीवर आलेला शिपाई
शिपाईच असतो ना?

झाकण सैल. दर जूनला ते काचेवर
पेन्सिलीनं एक रेघ ओढत,
शेजारी साल.
उन्हाळ्यानं प्यायलं तेवढी रेघ खाली.

जानेवारीत कधी पारा सहावर येतो.
केळीची पानं करपतात, बागांमध्ये लोक
रात्रभर पालापाचोळा पेटवून धूर धरतात.
तेव्हा लोटनराव स्वेटरची बटणं सोडून
कारखान्याच्या ओट्यावर, तोंड उत्तरेला.
बागवाला कुणी दिसला
की घाईघाईनं चेहरा पाडायचे.

शाळेची पोरं आली, तासभर गप्प पाहिलं,
मग एक मुलगी म्हणाली, हे करायचं कसं?
त्या दुपारी कालव्याच्या भरावावर
केळीच्या खांबाची ओली सोलपटं
सुतळीनं बांधली चाळीस पायांना.
गुडघे वाका! नजर पायाकडं नको!
सगळी चिकात बरबटली,
गणवेशावर ते डाग कायमचे,
आयांनी आठवडाभर शिव्या घातल्या
हवालदाराला, आणि पाटीवाल्यालाही,
कारण खाली झेलायला मी होतो.

मी बर्फ पाहिलेला नाही.
रंगवलाय: पांढऱ्यात थेंबभर नीळ.

एका मेमध्ये बरणीत चार बोटं पाणी राहिलं.
ते नव्हते, दवाखान्यात होते जळगावला.
मी माठातलं भांडंभर ओतलं
आणि चोरासारखा हात पँटीला पुसला.
जूनमध्ये ते आले, चष्मा लावला,
खाली वाकून बराच वेळ पाहिलं.
रेघ ओढली. वरच्या बाजूला. साल लिहिलं.
काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी मी ओतलं नाही. आईची शपथ.
तरी रेघ वर.
त्याच्या पुढं आणखी वर.
कोण असेल?
फ्रिज दुरुस्त करणारे नसीमभाई, चावी त्यांच्याकडं असते.
ती चिकाच्या डागाची मुलगी, आता बारावीला.
की इंदुबाई, त्यांची बायको,
जिनं कधी उंबरा ओलांडला नाही इथला,
'लाकडं पाहायला काय जायचं' म्हणते,
आणि जिच्या घरचा तांब्या
मला एकदा टेबलाखाली सापडला होता.

यंदाच्या जूनला रेघेला काच उरली नाही.
पाणी गळ्याशी, झाकण ओलं.
लोटनरावांनी मला बोलावलंय,
चिठ्ठी नवी करायचीय म्हणाले,
बारीक ब्रश घेऊन ये.
मी येऊन बसलोय. रंग कालवलाय.
ते पेन्सिल कानाला लावून
बरणीकडं बघतायत,
काय लिहायचं ते सांगत नाहीत.