मागचा स्टड

गाडी गार असते तेव्हाच बोलते.
पहाटे किल्ली फिरवली की टक्-टक्-टक्,
अडकित्त्यात सुपारी कातरल्यासारखं,
आणि सोहारच्या दुसऱ्या राउंडअबाउटपर्यंत
लोखंड तापून फुगलं की गप्प.
म्हणून दोन वर्षं मीही गप्प.

पण आता पॅट्रोल विकायचीय.
माझा एक्झिट सव्वीस तारखेचा.
घेणारा खलफानचा पुतण्या, एकोणीस वर्षांचा.
त्यानं बॉनेटला कानही लावला नाही,
स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता हसला.
अशा पोराला फसवणं फार अवघड.

गॅरेजवाला म्हणाला पंचेचाळीस रियाल, हेड उतरवावं लागेल.
मग गुरुवारी रात्री तेल मारलं, शुक्रवारी सकाळी परत,
आणि जुम्म्याहून आलेल्या लतीफ परकारच्या हातात
मोबाइलची बॅटरी दिली. इथं धर. हलवू नको.
"सोड रे," तो म्हणाला, "जाताजाता कशाला हात काळे?"

शेडच्या पत्र्याखाली एक्केचाळीस.
पान्हे ओल्या गोणपाटात, नाहीतर धरवत नाहीत.
मॅनिफोल्ड उतरलं.
सहाव्या सिलिंडरपाशी, अगदी मागे,
जिथं हात जातो पण डोळा जात नाही,
तिथं तो काठाशी सपाट तुटलेला,
पकडायला नखाएवढंही न ठेवता.

आयटीआयला आमचे मास्तर तोडकर.
आडनाव तोडकर, पण हातून बोल्ट तुटला नाही कधी.
तुटायच्या आधी लोखंड मऊ लागतं, म्हणायचे,
भिजल्या कणकेसारखं. तिथंच थांबायचं.
आणि ईझी-आउट वर धरून:
याचं नाव तेवढं ईझी.
हे आत मोडलं तर बसा आयुष्यभर.

मी ते डब्यातच ठेवलं.

आरशाचा तुकडा धरून मधोमध पंच.
टॉर्चनं लाल होईस्तोवर शेक.
मेण हवं होतं. लतीफच्या मेसमध्ये सापडला
कुणाच्या तरी पन्नाशीच्या केकवरचा पाच.
टेकवला.
पाच वितळत वितळत आट्यांमधून आत ओढला गेला,
ढेकळात पाणी जातं तसा.

मग डावं बिट. उलटं फिरणारं.
हळू. कोपरावरचा घाम वायरवर.
लतीफचा प्रकाश थरथरतोय, तो काही पुटपुटतोय,
दुवा की शिवी, कळत नाही.
कर्र.
बिट अडकलं. वाटलं, संपलं.
पण बिटाबरोबर तोच फिरत होता,
एक आटा, दुसरा आटा,
शंखातून गोगलगाय निघावी तसा.
तळहातावर पडला. पोळलो. टाकला नाही.

आरसा पुसून भोक बघायला गेलो
तेव्हा शेजारचा दिसला.
तो मूळचा नव्हताच.
कुणीतरी कधीतरी तोही असाच काढला होता,
नवा घातला होता,
पुन्हा गंजून धरू नये म्हणून पितळी नट,
आणि बुडाशी तांबूस लेपाची वाळलेली रेघ.

कागदावर माझ्याआधी चार मालक.
कोट्टयमची एक नर्स, एक बलुची मासेवाला,
दोघांची नावं मला लागत नाहीत.
की सनैय्यातला कुणी पोरगा,
ज्याला पितळेचे पैसे वेगळे मिळाले नसणार?
इथं वाकून कोण बघणार होतं त्याचं काम?
मी. आरशात. तेही उलटं.

"काय झालं?" लतीफ.
काही नाही. प्रकाश हलवू नको.
नको, थांब. सायकल काढ.
मी आणलेले नट पोलादी आहेत,
पितळी मिळाले तर बघ.
तो शिव्या देत गेला, मगरिबनंतर आला,
बारा नट आणि दोन लबान घेऊन.

आट्यांना बोटानं तांब्याचा लेप लावला,
जखमेला लावावा तेवढाच, पातळ.

आज पहाटे किल्ली फिरवली.
पॅट्रोल काही बोलली नाही.
खलफानच्या पुतण्यालाही मी बोललो नाही.
त्याचा हात कधी तिथवर गेला
तर बघेल.