दिवा सोडणावळ

बाबांच्या दाखल्यावर दिवटे,
आजोबांच्या दाखल्यावर दिवटे,
आणि त्यांच्या वडिलांपाशी एकदम
तातोबा बिन राणू भोकरे.
जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं
आणि नसावी,
तसं झालं मला त्या वहीपाशी.

आत्या म्हणाली, दत्तक गेले असतील.
थोरले काका म्हणाले, खून पचवला असणार,
आणि मिशीवरून हात फिरवला, जणू तो त्यांनीच.
विट्याचा विलास म्हणाला, कारकुनाची चूक,
तू कशाला धूळ खातेस?

तीन मंगळवार धूळ खाल्ली.
रेकॉर्डचा शिपाई माझ्यासाठी खिडकी उघडायला लागला,
चहात साखर कमी सांगायला लागला.
१९१२ नाहीच. १९१३ ला वाळवी,
बोट आरपार जातं,
गावंच्या गावं नुसती भोकं.

मग वखारभागातली हळदीची पेढी.
मालकाने पोटमाळ्यावरून लाल बासन काढलं,
म्हणाला, न्या, आमच्यात आता मोडी येतं कुणाला.
गुरव मास्तरांना येतं.
ऑपरेशन झालेला डोळा पानाला टेकवून
ते वाचत गेले, गोणपाट, हमाली, तूट,
आणि थांबले.

*हरिपूरचे पेव उघडले. दिवा सोडणावळ, तातोबा, आणे चार.*

म्हणजे?
म्हणजे पोरी, पेवात हवा मरते.
माणूस उतरायच्या आधी
दोरीला बांधून दिवा सोडायचा.
दिवा राहिला तर माणूस.

मागे जा, मी म्हटलं.
मास्तरांनी थुंकी लावून पान उलटलं.
आदल्या हंगामात दिवा नाही, दिव्याची मजुरी नाही.
फक्त,
*मयत राणूचे घरी जोंधळे, पायली दोन.*

कसा मयत, लिहिलेलं नाही.
पेढीच्या वहीत पायल्या लिहितात.

पुढच्या वर्षी तातोबा दिवटे.
त्याने घेतलं की लोकांनी ठेवलं,
आला दिवटे, आता उतरा, असं म्हणत म्हणत,
की बापाचं नाव पेवातच राहू दे म्हणाला,
हे मास्तरांच्या चांगल्या डोळ्यालाही दिसेना.

संध्याकाळी हरिपूरला गेले.
पेवं महापुरांत खचलेली,
एकाच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या.
मोबाईलची बॅटरी लावून वाकले.
खाली पाणी, प्लॅस्टिकची बाटली,
आणि अजून, शपथ,
हळदीचा वास.

नकलेसाठी अर्ज करायचा होता.
अर्जदाराचे संपूर्ण नाव.
लिहिलं, वैजयंता सुहास कारदगे.
हे सतरा वर्षांपूर्वीचं,
पंगती उठायच्या आत,
ताटातल्या तांदळात अंगठीने.
त्याचं कारण शोधायला कुणी
तीन मंगळवार घालवणार नाही.

शिपाई म्हणाला, कंसात माहेरचं लिहा, बाई,
नाहीतर नातं लागत नाही.

लिहिलं.
जागा कमी होती,
टे कंसाबाहेर गेला.