तीन मिनिटं, आतून

दूध सोमवारी नासलं.
मंगळवारी दह्याला वास.
बुधवारी मी आत हात घातला
तर वखारभागातली मे महिन्याची दुपार,
फक्त जरा दमट.
वरच्या खणात मात्र बर्फ, वीतभर.
वर हिमालय, खाली सांगली.

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली मी.
बस खोकली की कुठला पाना लागेल
ते हाताला आधी कळायचं.
पण हा नुसता गुरगुरतो,
टक् करतो,
गप्प होतो.

लेक पुण्याहून म्हणाली, पप्पा, टाका की एक्स्चेंजला.
कंपनीचा पोरगा म्हणाला, चारशे, नुसते बघायचे.
म्हटलं, नुसतं बघायला मी आहे की.

भिंतीपासून ओढला.
जाळीवर धुळीची गोधडी,
लसणाची वाळकी पाकळी,
आणि तळापासून चार बोटांवर
पिवळट रेघ. पुराची.
आयर्विनला किती फूट झालं विचारत विचारत
दिवाणावर चढवला होता त्याला चौघांनी.
पाणी दिवाणावरही आलं,
पाय तेवढे भिजवून गेलं.

जुन्या टूथब्रशनं जाळी घासली.
दाराच्या रबरात दहाची नोट धरून
दार लावलं, ओढली.
वर घट्ट. मधे घट्ट.
खालच्या कोपऱ्यात आपणहून सुटून हातात आली.
इतक्या सहज
माझे उसने पैसे कधी परत आले नाहीत.
रबर गरम फडक्यानं शेकलं,
मालनचा गुडघा शेकतो तसं.
बर्फ वितळवला, परात भरली, दिवसभर दार उघडं.
मग एक अख्खी रात्र वाट.
सकाळी दूध पुन्हा नासलेलं.

शेजारचे दस्तगीरभाई दारात उभे राहून म्हणाले,
"आतला दिवा विझतो का वो?
दार लावल्यावर?"

आता हे कुणी बघितलंय?
उघडावं तेव्हा तो पेटलेलाच.

मोबाईल रेकॉर्डिंगला लावला,
कोथिंबिरीच्या जुडीला टेकवून उभा केला,
दार लावलं
आणि गॅलरीत पक्कड शोधायला गेलो.

तीन मिनिटं.

दिवा जळतच होता.
अर्ध्या लिंबावर, वरणाच्या पातेल्यावर,
कुणी बघत नसताना, रात्रंदिवस,
पंधरा वॅटचा छोटासा उन्हाळा.
बटण आत रुतून बसलेलं.

आणि दाराच्या जाडीतून,
पाण्याखालून यावा तसा, मालनचा आवाज:
"बये, एवढ्यात नको गं.
भडंग विकून आणलंय तुला.
ह्यांच्या पगारातला रुपाया न्हाई तुझ्यात."
(फ्रिज पुल्लिंगी असतो
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.)
मग हात फिरल्याची खसखस. बांगडी.
मग, आणखी जवळून:
"आन् ह्यांनी बिघडवलं तर मला सांग."

बटणाभोवती गुळाचा पाक वाळलेला.
सुईनं खरवडला, थेंबभर तेल सोडलं.
आता बोटानं दाबलं की आत अंधार होतो.
रात्री पातेल्याला घाम फुटला, थंडीचा.

"दिवा होता," मी म्हणालो.
"मला वाटलंच," मालन म्हणाली.

लेकीच्या लग्नात पाहुण्यांना
मीच सांगत फिरलो होतो, फ्रिज घेतला म्हणून.
ती तेव्हा पंगतीत मीठ वाढत होती.
ऐकलं असणार.

पावती शोधली, गॅरंटीच्या निमित्तानं.
भडंगाच्या रिकाम्या पिशव्यांखाली सापडली.
नाव तिचं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट.
गॅरंटी संपून नऊ वर्षं झालेली.